दोन भट्ट्या, एक पेलेट: पारंपरिक आणि मायक्रोवेव्ह सिंटरिंगची तुलना कशी करावी

पोदेराच्या (गोव्यातील पाववाल्याच्या) भट्टीतून नुकताच निघालेला पाव आणि तोच पाव दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला, या दोहोंतील फरक गोव्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भट्टीत आधी विटांचा घुमट तापतो, त्याची उष्णता पावाच्या पृष्ठभागावर पडते आणि तेथून सावकाश आत शिरते. म्हणून वरचे कवच खरपूस होते. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता पावाच्या आतच निर्माण होते, भोवतीची हवा जवळजवळ थंड राहते आणि कवच ओलसर, चिवट बनते. सिरॅमिकचे सिंटरिंग करताना, म्हणजे दाबलेली भुकटी न वितळवता तापवून घट्ट करताना, हाच फरक चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसला समोर येतो, आणि तेथे तो डोळ्यांनी किंवा जिभेने ओळखता येत नाही, मोजावा लागतो.

ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठापासून फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत पदव्युत्तर पदवीसाठी किंवा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्या नवख्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. मायक्रोवेव्ह जलद आहे, कमी वीज खातो आणि बारीक कणांचे सिरॅमिक देतो, हा निष्कर्ष प्रयोग सुरू होण्याआधीच मनात ठरलेला असतो आणि मग प्रयोगही त्याच दिशेने वळतो, असे मी वारंवार पाहिले आहे. तो निष्कर्ष चुकीचाच असतो असे नाही. मात्र दोन भट्ट्यांची तुलना करताना भट्टीखेरीज आणखी चार गोष्टी बदललेल्या असतील, तर जे मोजले ते भट्टीचे नव्हे.

आधी थोडे सिंटरिंगविषयी

डिचोलीचा कुंभार आवा लावतो तेव्हा माती वितळून वाहत नाही. तिचे कण एकमेकांना चिकटतात, पण मधल्या बऱ्याच पोकळ्या तशाच राहतात. त्या पोकळ्यांतून पाणी झिरपते आणि बाष्पीभवन होते, म्हणून माठातले पाणी गार राहते. तांत्रिक सिरॅमिकमध्ये आपल्याला नेमके उलट हवे असते. दाबून बसवलेल्या भुकटीत निम्म्याच्या आसपास जागा रिकामी असते, आणि ती वितळणबिंदूच्या बऱ्याच खाली, केवळ अणूंच्या विसरणाने भरून काढायची असते. बारीक कणांच्या प्रचंड पृष्ठभागात साठलेली ऊर्जा कमी होणे, ही त्यामागची प्रेरणा होय.

सुरुवातीला कणांच्या स्पर्शबिंदूंवर अरुंद मान तयार होते, मग पोकळ्यांचे एकमेकांना जोडलेले बोगदे आक्रसत जातात, आणि सापेक्ष घनता (पोकळी नसलेल्या पदार्थाच्या, म्हणजे सैद्धांतिक, घनतेशी असलेले प्रमाण) साधारण ९२ टक्क्यांच्या पुढे गेली की पोकळ्या सुट्या, बंद होतात. या अखेरच्या टप्प्यात कण भराभर वाढू लागतात. घनता वाढवायची आणि कणवाढ रोखायची, ही सारी ओढाताण येथे आहे. म्हणून या प्रयोगातून दोन आकडे हवे असतात, घनता आणि कणांचा सरासरी आकार. त्यांपैकी एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

पहिली पायरी: पदार्थ निवडणे

नवख्याने ३ मोल टक्के यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) असलेला झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड) घ्यावा. तो १४०० ते १५०० अंशांत चांगला घट्ट होतो, दंतवैद्यकात मुकुटासाठी हाच वापरला जात असल्याने त्याची एकसारख्या प्रतीची भुकटी विकत मिळते, आणि मुख्य म्हणजे काही शे अंश तापल्यानंतर तो मायक्रोवेव्ह चांगले शोषू लागतो. अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) स्वस्त आहे, पण खोलीच्या तापमानाला मायक्रोवेव्ह त्याच्यातून जवळजवळ आरपार जातात. तो दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवावा.

दुसरी पायरी: सर्व पेलेट एकाच घाण्यातून

पाच तापमाने, तीन पद्धती (संथ पारंपरिक, मायक्रोवेव्ह आणि जलद पारंपरिक) आणि प्रत्येक ठिकाणी तीन पेलेट, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या चकत्या, असे धरले तर ४५ पेलेट होतात. प्रत्येकी १ ग्रॅम धरून आणि फुटीसाठी थोडी जास्त, अशी ६० ग्रॅम भुकटी एकाच वेळी तयार करून एकाच बाटलीत ठेवावी. अर्धी भुकटी मे महिन्यात आणि अर्धी जुलैमध्ये दाबली, तर गोव्यात त्या दोन वेगळ्या भुकट्या समजाव्यात, कारण पावसाळ्यात ती उघड्यावर ठेवताच ओल धरते, डायला (दाबण्याच्या साच्याला) चिकटते आणि दाबताना वेगळी वागते. भुकटीत बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, आधीच असेल तर ती ६० अंशांवर सुकवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी. नसेल तर वजनाच्या २ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात विरघळवून मिसळावे, सुकवावे आणि चाळणीतून काढावे.

प्रयोगशाळांत बहुधा १३ मिलिमीटर व्यासाची डाय असते. तिचे क्षेत्रफळ सुमारे १.३३ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणून १०० मेगापास्कल दाबासाठी प्रेसवर जेमतेम १.३५ टन पुरतात. नवखे विद्यार्थी काटा ५ टनांपर्यंत नेतात; म्हणजे जवळजवळ ३७० मेगापास्कल होतात, आणि डायमधून बाहेर काढताना पेलेटची वरची चकती टोपीसारखी सुटते. कधी ती तेव्हा सुटत नाही, आत फक्त भेग राहते, आणि मग दोष मायक्रोवेव्हच्या माथी येतो.

प्रत्येक कच्च्या पेलेटचे वजन, व्यास आणि जाडी मोजून कच्ची घनता काढावी. ती सैद्धांतिक घनतेच्या ५० टक्क्यांच्या आसपास येईल. सरासरीपासून एका टक्क्याहून दूर असलेल्या पेलेट बाजूला काढाव्यात, आणि उरलेल्या चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटाव्यात. देखण्या पेलेट नकळत आवडत्या भट्टीकडे जातात. चिठ्ठ्या टाकल्याने तो मोह टळतो. ५० टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर जाताना रेषीय आकुंचन सुमारे २० टक्के होते, म्हणजे १३ मिलिमीटरची पेलेट १०.४ मिलिमीटरची होते. भट्टीतून निघालेली पेलेट व्हर्नियरवर १२ मिलिमीटर भरली, तर आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता मोजण्यापर्यंत जाण्याची गरजच नाही.

तिसरी पायरी: बाइंडर जाळणे

हे काम तिन्ही गटांसाठी एकत्र, साध्या भट्टीत करावे. मिनिटाला १ अंश या गतीने ६०० अंशांपर्यंत न्यावे, तेथे एक तास ठेवावे आणि भट्टीतच थंड होऊ द्यावे. मायक्रोवेव्हमध्ये बाइंडर जाळू नये. निघालेल्या वायूंत ठिणगी पडते, काजळी बसते, आणि मागे राहिलेला कार्बन स्वतःच मायक्रोवेव्ह शोषून त्या जागी अतिरिक्त उष्णता निर्माण करतो. जाळून झालेली पेलेट खडूसारखी ठिसूळ असते. तिला चिमट्याने नव्हे, कागदाच्या पट्टीवर उचलावे.

चौथी पायरी: तापमान कोणते?

या लेखातली सर्वांत लांब पायरी हीच आहे, आणि तसे होण्याचे कारण माझ्या स्वतःच्या फजितीत आहे. माझ्या पहिल्या तुलनेत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते, की पारंपरिक भट्टीत १४५० अंशांवर दोन तासांत जी घनता मिळाली, तीच मायक्रोवेव्हमध्ये १४५० अंशांवर पंधरा मिनिटांत मिळाली. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: हे दोन्ही १४५० एकच आहेत हे तुम्हाला कसे कळले? एका ठिकाणी मागच्या भिंतीतल्या थर्मोकपलचा (दोन धातूंच्या तारांच्या तापमापकाचा) आकडा होता आणि दुसऱ्या ठिकाणी कारखान्यातून आलेल्या सेटिंगवरच्या पायरोमीटरचा (प्रकाशावरून दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राचा). माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हा घोळ नवख्यांपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत जॅनी आणि किम्री यांनी २८ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हमध्ये अॅल्युमिनाचे सिंटरिंग केले आणि त्याची सक्रियण ऊर्जा (विसरण घडण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा) मोलला १६० किलोजूल असल्याचे मांडले. पारंपरिक पद्धतीत ती त्यांना ५७५ मिळाली होती. एवढी तफावत खरी असेल तर विद्युतक्षेत्र विसरणालाच मदत करते असे म्हणावे लागेल, आणि त्याचे स्पष्टीकरण म्हणून रिबाकोव्ह आणि सेमेनोव्ह यांनी पाँडरोमोटिव्ह बलाची, म्हणजे दोलायमान विद्युतक्षेत्राने विसरणाला दिलेल्या सरासरी रेट्याची, कल्पना पुढे आणली. दुसऱ्या बाजूने आक्षेप असा, की मोजलेले तापमान आणि पेलेटच्या आतले तापमान यांतील फरकही असाच भास निर्माण करू शकतो. या वादात नवख्याने बाजू घेऊ नये. त्याने आधी आपले मोजमाप ठीक करावे.

पारंपरिक भट्टीपासून सुरुवात करावी. पडद्यावरचा आकडा भिंतीजवळच्या थर्मोकपलचा असतो, पेलेटजवळचा नव्हे. पेलेट ठेवतो त्याच जागी तपासलेला एस प्रकारचा, म्हणजे प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमचा, थर्मोकपल ठेवून दोन्ही आकड्यांची तुलना करावी. आणखी एक जुनी युक्ती आहे: शुद्ध सोने १०६४ अंशांवर वितळते, तेव्हा दोन मिलिमीटर लांबीचा सोन्याच्या तारेचा तुकडा अॅल्युमिनाच्या चकतीवर ठेवून एकदा १०५५ आणि एकदा १०७५ अंशांपर्यंत भट्टी न्यावी. तार पहिल्या वेळी तारच राहिली आणि दुसऱ्या वेळी तिचा गोळा झाला, तर भट्टीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. सोनाराकडून तुकडा आणताना तो २४ कॅरेटचाच मागावा. दागिन्यांच्या २२ कॅरेट सोन्यात तांबे-चांदी असल्याने ते आधीच वितळते.

मायक्रोवेव्हमध्ये प्रश्न बिकट होतो. धातूचा थर्मोकपल विद्युतक्षेत्र बिघडवतो, त्याच्या टोकाशी ठिणग्या पडतात आणि तो स्वतःही तापतो. म्हणून बहुतेक यंत्रांत पायरोमीटर असतो. पायरोमीटर प्रकाश मोजतो आणि त्यावरून तापमानाचा अंदाज करतो, त्यामुळे पृष्ठभागाची उत्सर्जनक्षमता (त्याच तापमानाच्या आदर्श उत्सर्जकाच्या, म्हणजे कृष्णिकेच्या, तुलनेत तो किती प्रकाश सोडतो) त्याला आधी सांगावी लागते. साधारण १ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पायरोमीटरमध्ये उत्सर्जनक्षमता ३० टक्क्यांनी चुकली, तर १०६४ अंशांजवळ चूक ३७ अंशांच्या आसपास होते आणि १४५० अंशांजवळ ती ६० अंशांच्या वर जाते, कारण ही चूक केल्व्हिनमधील तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साठ अंशांचा फरक झिर्कोनियाच्या घनतेचे चित्र पार बदलून टाकू शकतो.

येथे एक सापळा आहे. पायरोमीटर पारंपरिक भट्टीसमोर धरून थर्मोकपलशी जुळवला, की काम झाले असे वाटते. पण चहूबाजूंनी सारख्याच तापलेल्या भट्टीत कोणतीही वस्तू कृष्णिकेसारखी दिसते, कारण तिच्या उत्सर्जनात जी उणीव असते ती भिंतींचा परावर्तित प्रकाश भरून काढतो. मायक्रोवेव्हमध्ये भोवतालचे अस्तर (उष्णतारोधक फायबरची पेटी) पेलेटपेक्षा थंड असते, उणीव भरून निघत नाही, आणि तोच पायरोमीटर खरे तापमान कमी दाखवतो. तेव्हा १४५० म्हणून लिहिलेले तापमान खरोखर १५०० असू शकते, आणि मायक्रोवेव्हच्या चमत्काराचा मोठा वाटा तेथेच संपतो. उपाय असा, की सोन्याच्या तारेची कसोटी मायक्रोवेव्हमध्येही, त्याच अस्तरात, त्याच संख्येने पेलेट ठेवून आणि कमी शक्तीवर घ्यावी, आणि तेथे मिळालेल्या फरकावरून उत्सर्जनक्षमतेचा आकडा दुरुस्त करावा. तरीही वरच्या तापमानांना अधिक-उणे किती अंश ते प्रबंधात स्पष्ट लिहावे.

खिडकीकडेही लक्ष असू द्यावे. क्वार्ट्झची काच ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात अपारदर्शक असते. त्या पट्ट्यात चालणारा स्वस्त इन्फ्रारेड थर्मामीटर तिच्यासमोर धरला, तर तो इमानदारीने काचेचेच तापमान सांगतो.

पाचवी पायरी: पारंपरिक गट

१४५० अंशांसाठी मोलिब्डेनम डायसिलिसाइडच्या तापकांची भट्टी योग्य. साध्या लोह-क्रोमियम-अॅल्युमिनियम तारेच्या भट्टीला हे तापमान झेपत नाही. पेलेट त्याच भुकटीच्या पातळ थरावर, अॅल्युमिनाच्या मुशीत ठेवाव्यात. तापवण्याची गती मिनिटाला ५ अंश आणि धारणकाळ, म्हणजे कमाल तापमानाला धरून ठेवण्याचा वेळ, दोन तास ठेवावा. वर जायलाच पावणेपाच तास लागतात. अशा पाच फेऱ्या कराव्यात: १२५०, १३००, १३५०, १४०० आणि १४५०. वीज गेल्यावर कंट्रोलर काय करतो, हे आधी तपासावे. काही कंट्रोलर वीज परत येताच जेथे थांबले होते तेथून पुढे जातात, काही पहिल्यापासून सुरू करतात. जूनच्या वादळात वीज एकदा तरी जातेच, आणि धारणकाळ दोन तासांचा होता की साडेतीन तासांचा, हे सकाळी पेलेटकडे पाहून कळत नाही. तापमानाची नोंद सतत होत राहील अशी सोय नसेल, तर ती फेरी बाद धरावी.

सहावी पायरी: मायक्रोवेव्ह गट

सुरक्षिततेचे आधी. घरगुती मायक्रोवेव्हचे झाकण खोलून त्याची भट्टी करण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते पाहून कोणी हात घालू नये. आतला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही जीवघेणा भार धरून ठेवतो. प्रयोगशाळेसाठी बनवलेले यंत्र वापरतानाही दाराजवळची गळती तपासावी. दारापासून ५ सेंटिमीटरवर ती चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त असता कामा नये. अस्तराचा फायबर हाताळताना मुखपट्टी आवश्यक आहे. अॅल्युमिनोसिलिकेटचा फायबर हजार अंशांच्या वर तापून झाला की त्यात क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा एक स्फटिकी प्रकार) तयार होतो, आणि ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

प्रयोगशाळेतील बहुतेक यंत्रे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांची तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते. पोकळीत स्थिर तरंग उभे राहतात, त्यामुळे सहा-सहा सेंटिमीटरवर उष्ण आणि थंड जागा येतात. त्या शोधण्याची युक्ती स्वयंपाकघरातली आहे: फिरती तबकडी काढून कच्चे पापड पसरावेत आणि थोडा वेळ शक्ती द्यावी. जेथे पापड आधी फुलतात तेथे क्षेत्र तीव्र आहे. अस्तर आणि पेलेट आत गेल्यावर हा नकाशा बदलतो हे खरे, तरीही अस्तराची पेटी कोठे ठेवू नये एवढे त्यावरून कळते.

झिर्कोनिया थंड असताना मायक्रोवेव्ह फार शोषत नाही, म्हणून त्याच्याभोवती सिलिकॉन कार्बाइडचे तुकडे किंवा कांड्या उभ्या करतात. या कांड्या पहिल्यापासून मायक्रोवेव्ह शोषून तापतात, आपल्या उष्णतेने पेलेटला वर आणतात, आणि पुढे पेलेट स्वतः शोषू लागते. याला हायब्रिड तापन म्हणतात, आणि जाणत्याने हे मान्य करावे की सुरुवातीचा टप्पा पारंपरिक भट्टीसारखाच, बाहेरून आत उष्णता नेणारा आहे. कांड्यांची संख्या व जागा प्रत्येक फेरीत तीच असावी, त्यांचे चित्र वहीत काढावे, आणि पेलेटची संख्याही बदलू नये. आज तीन आणि उद्या एक पेलेट ठेवली, तर क्षेत्र वेगळे आणि तापमानही वेगळे.

शक्ती हळूहळू वाढवावी. झिर्कोनियाची शोषणक्षमता तापमानाबरोबर वेगाने वाढते. तो जितका तापतो तितका अधिक शोषतो आणि जितका अधिक शोषतो तितका अधिक तापतो. हे चक्र हाताबाहेर गेले की तापमान काही सेकंदांत शंभर अंशांनी उडी घेते, आणि पेलेटच्या मध्यभागी भेग पडते किंवा तो भाग चक्क वितळतो. म्हणून सहाशे-सातशे अंशांच्या पुढे हात शक्तीच्या बटणावर असावा आणि शक्ती वाढवण्याऐवजी बहुधा कमी करावी लागते. घरगुती यंत्रात 'अर्धी शक्ती' म्हणजे सहसा काही सेकंद पूर्ण चालू आणि काही सेकंद पूर्ण बंद. अशा झटक्यांनी हे काम होत नाही. मिनिटाला ५० अंशांच्या गतीने इच्छित तापमान गाठून १५ मिनिटे धरावे. थंड होताना दार उघडू नये.

सातवी पायरी: तिसरा गट, जो बहुतेक जण विसरतात

मायक्रोवेव्ह गट मिनिटाला ५० अंशांनी तापला आणि पारंपरिक गट ५ अंशांनी. म्हणजे भट्टी बदलली, गतीही बदलली आणि धारणकाळही बदलला. जलद तापवल्याने कणवाढीला अनुकूल असलेल्या खालच्या तापमानांत कमी वेळ जातो आणि कण बारीक राहतात, हे मायक्रोवेव्हशिवायही घडते. तेव्हा बारीक कणांचे श्रेय लहरींना द्यायचे की गतीला, हे तिसऱ्या गटाविना ठरत नाही.

हा गट ट्यूब भट्टीत करावा. भट्टी आधी कमाल तापमानाला नेऊन स्थिर करावी आणि थर्मोकपल नळीत एक-एक सेंटिमीटर पुढे सरकवत कोठे किती तापमान आहे याचा तक्ता करावा. मग पेलेटची नाव (होडीच्या आकाराचे लहान भांडे) त्या तक्त्याप्रमाणे अॅल्युमिनाच्या दांड्याने मिनिटामिनिटाला ठरावीक अंतर पुढे ढकलावी, म्हणजे तिला तीच ५० अंशांची गती मिळते. अर्धा तास हातात घड्याळ घेऊन बसावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण संपूर्ण प्रबंधातले सर्वांत मोलाचे आकडे येथून मिळतात. नाव झटक्यात आत लोटू नये. पेलेट तडकतेच, शिवाय नळीही जाण्याचा धोका असतो.

आठवी पायरी: घनता आणि कण

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजावी. कोरडे वजन घ्यावे, पेलेट पाण्यात दोन तास उकळून त्याच पाण्यात थंड होऊ द्यावी, मग पाण्यात लटकवून वजन घ्यावे आणि शेवटी ओल्या कापडाने टिपून हवेत वजन घ्यावे. कोरड्या वजनाला शेवटच्या दोन वजनांच्या फरकाने भागून पाण्याच्या घनतेने गुणले की घनता मिळते. पाणी ३० अंशांवर असेल तर त्याची घनता ०.९९५७ घ्यावी, १ नव्हे. समजा कोरडे वजन १.०००० ग्रॅम आणि दोन वजनांचा फरक ०.१६७० ग्रॅम आला, तर घनता ५.९६ येते. पेलेटखाली मिलिग्रॅमभर उचल देणारा बुडबुडा चिकटला, तर फरक ०.१६८० होतो आणि घनता ५.९३. म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जास्त घनता एका बुडबुड्याने खाल्ली. पाण्यात साबणाचा एखादा थेंब घालावा आणि पंखा बंद करावा. सैद्धांतिक घनता ६.०८ घेतली की ६.१०, तेही लिहावे; तेवढ्यानेही तीन दशांश टक्क्यांचा फरक पडतो.

कणांचा आकार अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असल्याने साधी सूक्ष्मदर्शी येथे कामाची नाही; स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, आणि त्याची वेळ महिनाभर आधी मागून ठेवावी. पेलेट मधोमध कापून आरशासारखी घासावी आणि सिंटरिंगच्या तापमानापेक्षा ५० ते १०० अंश खाली थोडा वेळ पुन्हा तापवावी, म्हणजे कणसीमा उठून दिसतात. फोटोवर सरळ रेषा ओढून ती किती कणसीमांना छेदते ते मोजावे. रेषेच्या लांबीला छेदसंख्येने भागून १.५६ ने गुणले की सरासरी आकार मिळतो.

फोटो केवळ मध्यभागाचे घेऊ नयेत. काठाजवळ आणि मध्यावर, दोन्हीकडे मोजावे. मायक्रोवेव्हच्या पेलेटमध्ये मध्याचे कण काठापेक्षा मोठे निघाले, तर आतला भाग पृष्ठभागापेक्षा जास्त तापला होता, आणि पायरोमीटरने दाखवलेले तापमान पेलेटचे नव्हते, तिच्या कवचाचे होते. पाव आणि पोदेराच्या गोष्टीतले कवच ते हेच.

आता आलेख काढावा: आडव्या अक्षावर सापेक्ष घनता, उभ्या अक्षावर कणांचा आकार, आणि तिन्ही गटांचे तीन मार्ग. तापमान या आलेखात नाही, आणि तेच त्याचे बलस्थान आहे. तापमान मोजण्यात राहिलेली चूक येथे बरीचशी निष्प्रभ होते. तिन्ही मार्ग एकाच रेषेवर पडले, तर मायक्रोवेव्हने तोच प्रवास लवकर घडवला, एवढेच म्हणावे. मायक्रोवेव्ह आणि जलद पारंपरिक गट एकत्र खाली आणि संथ गट वर असेल, तर श्रेय गतीचे. मायक्रोवेव्हचा मार्ग दोहोंच्याही खाली असेल, आणि तोही तिन्ही पेलेटमध्ये, तरच लहरींच्या स्वतंत्र परिणामाबद्दल लिहायला सुरुवात करावी.

नववी पायरी: विजेचा हिशेब

दोन्ही भट्ट्यांच्या प्लगपाशी मीटर लावून प्रत्येक फेरीचे युनिट लिहावेत. मॅग्नेट्रॉनची (मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या नळीची) शक्ती आणि भिंतीतून ओढलेली शक्ती एक नव्हे. ९०० वॅट देणारे यंत्र भिंतीतून सुमारे दीड हजार वॅट घेते. पंखे आणि पाण्याचा चिलर असेल तर तोही हिशेबात धरावा. मग भागाकार फेरीने करायचा की पेलेटने, ते ठरवावे. मोठ्या पारंपरिक भट्टीत एका वेळी चाळीस पेलेट बसतात आणि मायक्रोवेव्हच्या पेटीत तीन. तीन पेलेटसाठी मोठी भट्टी पेटवून वीज वाया गेली म्हणणे, हे चार मडक्यांसाठी आवा लावून लाकूड महाग पडले म्हणण्यासारखे आहे. कोणताही कुंभार आवा भरल्याशिवाय पेटवत नाही. दोन्ही भट्ट्या पूर्ण भरलेल्या धरून एक आकडा आणि प्रत्यक्ष जितक्या भरल्या तितक्या धरून दुसरा, असे दोन्ही द्यावेत.

झिर्कोनियानंतर अॅल्युमिना

हात बसल्यावर अॅल्युमिनाकडे वळताना काही गोष्टी बदलतात. सैद्धांतिक घनता ३.९८ धरावी, तापमान १५०० ते १६०० अंशांपर्यंत न्यावे लागते, आणि कणवाढ आवरण्यासाठी ०.१ टक्क्याच्या आत मॅग्नेशिया मिसळण्याची पद्धत आहे. मायक्रोवेव्हमध्ये सिलिकॉन कार्बाइडवर अधिक अवलंबून राहावे लागते, म्हणजे तापन बरेचसे पारंपरिकच होते. हे प्रबंधात लपवू नये. त्या तापमानाला हवेत कांड्यांवर सिलिकाचा थर चढतो, त्यांचे वजन वाढते आणि शोषण बदलते, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी कांड्या तोलून वजन वहीत लिहावे. पायरोमीटरची अडचणही वाढते, कारण १ मायक्रोमीटरजवळ अॅल्युमिना अर्धपारदर्शक असून त्याची उत्सर्जनक्षमता कमी असते. सोन्याच्या तारेची कसोटी तेथे नव्याने, अॅल्युमिनाच्या पेलेटवर घ्यावी. झिर्कोनियासाठी दुरुस्त केलेला आकडा त्याला लागू पडत नाही.